थोरली, धाकटी आणि ताईंचा शब्द

आमच्या नणंदबाईंचा, म्हणजे ताईंचा, उजवा अंगठा डाव्यापेक्षा चांगलाच रुंद आहे. एकोणीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात त्यांनी त्या अंगठ्यानं गाड्यांना नावं चिकटवली. लाईनच्या अगदी शेवटी त्यांची जागा. तयार गाडी सरकत समोर यायची, तिच्या बॉनेटवर नंबराचा कागद असायचा. नंबर एकनं सुरू झाला की डाव्या ट्रेमधलं नाव, दोननं सुरू झाला की उजव्या. डिकीचा पत्रा स्पिरिटच्या फडक्यानं पुसायचा, साचा लावायचा, नावामागचा कागद सोलायचा, नाव बसवायचं आणि अंगठा दाबून दहा मोजायचे. तेवढ्यात पुढची गाडी हजर. घरी साधं पाकीट चिकटवतानासुद्धा त्यांचे ओठ हलताना दिसतात, मनात दहा मोजणं चाललेलं असतं.

ट्रे दोन, कारण नावं दोन. मालक एकच, पण त्यानं दोन कंपन्या काढलेल्या. एकीच्या शोरूमला उंच काचा, आत गेलं की कॉफी, आणि विकणारी मुलं अशी हळू बोलणारी की आपल्यालाच आजारी असल्यासारखं वाटावं. दुसरीचं शोरूम टायरच्या दुकानाशेजारी, तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या. गाड्या मात्र एकाच लाईनवर, एकामागून एक. खालचा सांगाडा तोच, इंजिन तेच, काचा त्याच, स्क्रू कसणारी माणसंही तीच. पुढचे दिवे आणि जाळी वेगळी, सीटचं कापड वेगळं, डॅशबोर्ड एकीचा मऊ आणि दुसरीचा टणक. आणि किंमत वेगळी, ती तर चांगलीच. कारखान्यातली माणसं त्या कंपन्यांची खरी नावं घेतच नाहीत. महागडी ती थोरली, स्वस्त ती धाकटी. थोरली नटते, धाकटी राबते, असं तिथे म्हणतात.

आता अशी बाई घरात असल्यावर काय होणार? सगळ्या नात्यागोत्यात, इमारतीत, ओळखीपाळखीत कुणालाही गाडी घ्यायची असली की आधी ताईंना विचारायचं. त्या बरोबर जायच्यासुद्धा. कारखान्याचे जाड बूट घालून, सुट्टीच्या दिवशी. विकणाऱ्या मुलाला आधी गप्प बसायला सांगायच्या, मग वाकून गाडीखाली बघायच्या, दाराचं रबर ओढून बघायच्या आणि शेवटी त्यांचं ते ठरलेलं वाक्य म्हणायच्या. पत्रा तोच, इंजिन तेच, हात तेच. वरच्या नावाचे पैसे द्यायचे असतील तर खुशाल द्या, नाव मीच चिकटवते. या वाक्यावर लोक हसायचे, आणि धाकटी घेऊन घरी यायचे. ताईंनी स्वतः कधी गाडी घेतली नाही. बसनं जायच्या. पण शब्द त्यांचा चालायचा, आणि त्यांना तो चालतो हे आवडायचं. मी म्हणते, का आवडू नये? त्यांच्याकडे दुसरं होतं काय?

त्यांची आई गेली तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या आणि माझा नवरा अकराचा. बटणांच्या कारखान्यात, मग औषधांच्या गोदामात, मग इथे, अशा नोकऱ्या करत त्यांनी भावाला शिकवलं. त्यांच्या लग्नाचं कुणी बघितलं नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. बाराव्या मजल्यावरून रिकाम्या विहिरीत डोकावताना त्याला काही वाटत नाही, पण ताईंसमोर आवाज चढवायचा म्हटलं की याला बाहेरचं काहीतरी काम आठवतं. ताई आमच्याच इमारतीत दोन मजले खाली एका खोलीत राहतात. त्या वर आल्या की हा टीव्हीचा आवाज कमी करतो. लग्न करून आले तेव्हा मला वाटलं, चला, सासू नाही. चार दिवसांत कळलं की आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही गाडी घ्यायचं ठरवलं. मला थोरली हवी होती. मी लाँड्रीच्या काउंटरवर काम करते, दिवसभर लोकांच्या चांगल्या कपड्यांना हात लावते, मला चांगली वस्तू कळते. शिवाय आमची लेक तेव्हा चार वर्षांची, मागच्या सीटवर दाराशी बसणार. आम्ही ओढाताण करून थोरलीपर्यंत पोचलो असतो. ताई अर्थातच बरोबर आल्या. आधी मी हट्टानं सगळ्यांना काचेच्या शोरूममध्ये नेलं. तिथे थोरलीचं दार उघडून लावलं, नंतर समोरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांकडे जाऊन धाकटीचं लावलं, आणि पुन्हा थोरलीकडे आले. दोघींमधला रस्ता मी दोनदा ओलांडला. आवाज वेगळा होता. थोरलीचं दार भरल्यासारखं लागायचं आणि धाकटीचं पोकळ. मी तसं म्हणाले.

ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दोन रबरी पट्ट्यांचा आवाज आहे तो. तू काय आवाजात बसून जाणारेस?" विकणारी मुलंसुद्धा हसली. नवराही हसला, आणि ते मी अजून विसरलेले नाही. शेजारच्या टेबलाशी एक पोटुशी बाई नवऱ्याबरोबर थोरलीचे कागद भरत बसली होती, तिचं पेन थांबलं. तिनं मान वळवून विचारलं, खरंच का हो, दोन्ही एकच? ताईंनी तिलाही ते वाक्य ऐकवलं, अंगठा दाखवून. ती बाई नवऱ्याशी कुजबुजली आणि दोघं कागद तिथेच टाकून उठली. संध्याकाळी आम्ही धाकटीचे पैसे भरत होतो तेव्हा ती दोघंही तिथेच होती, त्यांनी निळी घेतली. आम्ही पांढरी. विकणाऱ्या मुलानं ताईंना पेढा द्यावा तसं एक की-चेन दिली.

गाडी चांगली आहे, खोटं कशाला बोलू. दोन वर्षांत एकदा बॅटरी बदलली, ती सोडली तर काही दुरुस्त करावं लागलं नाही.

मग ताईंचा खांदा गेला. तोच हात दिवसातून शेकडो वेळा दाबायचा, जाणारच. कारखान्याच्या डॉक्टरनं काम बदलून द्यायला सांगितलं आणि त्यांना दारांच्या लाईनवर टाकलं. हे मला त्यांनी नंतर समजावलं. गाडीला रंग झाला की तिची दारं काढतात, हँगरला लटकवून वेगळ्या लाईनवर पाठवतात. तिथे काच, कुलूप, वायरी बसवतात, वरून झाकण लावतात आणि शेवटी दारं आपापल्या गाडीला पुन्हा जोडतात. म्हणजे या लाईनवर दाराचं पोट उघडं असतं. ताईंना एकोणीस वर्षांत दाराचं पोट कधी दिसलंच नव्हतं. त्यांच्याकडे गाडी यायची ती दारं लावून, पुसून, सजून.

दाराच्या पोटात एक आडवी लोखंडी नळी असते. बाजूनं कुणी येऊन धडकलं तर दार आत चेपू नये म्हणून. ताई तिथे वायरीच्या चिमट्या लावत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की थोरलीच्या दारांत दोन नळ्या आहेत आणि धाकटीच्या दारांत एकच. पुढचं दार बघितलं, एकच. त्याच्या पुढचं, एकच. त्यांना वाटलं, पलीकडच्या वेल्डिंगवाल्यांनी घोळ घातला, नळी बसवायचीच राहिली. आणि त्यांनी डोक्यावरची दोरी ओढली. ती दोरी ओढली की अख्खी लाईन थांबते. एकोणीस वर्षांत ताईंनी ती दोनदा ओढली होती, दोन्ही वेळा बरोबर ओढली होती.

सुपरवायझर धावत आला. ताईंनी दार दाखवलं. त्यानं दार बघितलं आणि मग, ताई म्हणाल्या, माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कालच कामाला लागलेय. चूक काही नव्हती. तीन वर्षांपूर्वी नवं मॉडेल आलं तेव्हापासून तसंच आहे. जुन्या मॉडेलमध्ये दोघींना दोन-दोन होत्या, नव्यात धाकटीची एक काढली. सरकारी चाचणीत एका नळीवर पास होते, नियमात बसते, मग स्वस्त गाडीत दुसरी कशाला घालायची? थोरलीत दुसरी नळी आणि आत जाड पॅड, कारण ते लोक त्याचे पैसे देतात. सगळ्या दारवाल्यांना माहीत होतं. सुपरवायझर वाईट माणूस नाही, त्यानं दोरी सोडवली आणि लाईन चालू केली. पण त्या चार मिनिटांत ताईंच्या डोक्यात काय झालं असेल ते मी सांगू शकत नाही.

त्याच दिवशी पाळी संपवून त्या सरळ आमच्याकडे आल्या. गुरुवार होता, चार वाजले होते, मी नुकतीच लाँड्रीतून आले होते आणि नवऱ्याला सुट्टी होती. लेक शेजारी खेळायला गेली होती. ताईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही. लेकीच्या वहीचं मागचं पान फाडलं, पेन्सिलनं दोन दारं काढली, एकात दोन रेघा, दुसऱ्यात एक. मग सगळं सांगितलं, इकडचं तिकडे न करता. आणि शेवटी म्हणाल्या, "त्या दिवशी दाराचा आवाज मलाही वेगळा लागला होता. पण चार माणसांत बोलून बसले होते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नळीचं एक वेळ मी समजून घेतलं असतं, दिसलं नाही तर माणूस काय करणार. पण ऐकू आलं होतं! ऐकू येऊनही माझा सगळ्यांसमोर पाणउतारा केला. दोन वर्षं मनात ठेवलेलं सगळं मी बाहेर काढलं. म्हणाले, तुमच्या शब्दावर आम्ही पोरीला त्या दाराशी बसवलं. तुमचा मोठेपणा राहावा म्हणून. आणखीही बरंच बोलले, ते इथे लिहिणार नाही, कारण त्यातलं अर्धं त्यांच्या एकटेपणाबद्दल होतं आणि ते बोलायचं मला काही कारण नव्हतं. ताई उलटून एक शब्द बोलल्या नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदाच असं झालं.

नवरा मधे पडला, पण भलत्याच बाजूनं. तो मला आवरायच्या ऐवजी ताईंवर चिडला. चाचणीत पास आहे ना, मग झालं. रस्त्यावर हजारो धाकट्या फिरतायत. घरात कशाला काडी लावायची?

"कुणाला कळणार होतं, ताई?" तो म्हणाला.

"मला कळलंय ना," ताई म्हणाल्या, आणि उठल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी लेकीला शाळेत बसनं न्यायला लागले. गाडी खाली उभी. नवरा म्हणाला, तू राईचा पर्वत करतेस. असेन करत. गाडी बदलायची ऐपत नव्हती हे मलाही ठाऊक होतं, पण माझा राग मला कुठेतरी ठेवायचा होता.

इकडे ताईंनी एक यादी केली. मला तेव्हा सांगितलं नाही, पण बऱ्याच दिवसांनी ती फ्रिजवर चिकटवलेली मी त्यांच्या खोलीत पाहिली. नवं मॉडेल आल्यापासून त्यांच्या शब्दावर धाकटी घेतलेली माणसं. आठ घरं. पहिलं आमचं, त्यावर काट मारलेली. दर साप्ताहिक सुट्टीला त्या एका घरी जायच्या, दोन बस बदलून, दुखरा खांदा घेऊन, बरोबर ते वहीचं पान. दारात उभ्या राहून आधी सांगायच्या की मी तुम्हाला दोन्ही गाड्या सारख्या म्हणाले होते, ते चुकलं. मग चित्र.

लोकांचं काय झालं ते मला हळूहळू कळलं, काही ताईंकडून, काही इतरांकडून. शिंप्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की एवढंच सांगायला आलात? त्याला वाटलं होतं, कुणी गेलं. एका निवृत्त मास्तरांनी त्यांना बसवून घेतलं आणि स्वतःच्या गुडघ्याबद्दल तासभर सांगितलं. आमच्याच इमारतीतल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्यानं त्यांच्याशी बोलणं टाकलं, अजून टाकलेलं आहे. जिन्यात समोर आले तर भिंतीकडे बघतात. नवऱ्याच्या मित्राची बायको फार वाईट बोलली, तिचं बाळ सहा महिन्यांचं. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं स्वतःच्या मेहुण्यासाठी घेतली होती, तो म्हणाला, नळीचं मला माहीत होतं की, पण तुम्ही कारखान्यातल्या, म्हटलं तुम्हाला जास्त ठाऊक असणार. ताईंना हे सगळ्यात जास्त लागलं. आल्या त्या दिवशी जेवल्या नाहीत.

सात घरं झाली. आठव्या ओळीत नाव नव्हतं. नुसतं लिहिलं होतं: शोरूममधली बाई, पोटुशी, निळी गाडी.

आता ती बाई कुठे शोधायची? ताई शोरूममध्ये गेल्या, तिथल्या मुलानं गिऱ्हाइकाचा पत्ता द्यायला नकार दिला, आणि बरोबरच केलं. मग त्या सुट्टीच्या दिवशी त्या शोरूमसमोरच्या बस थांब्यावर जाऊन बसायला लागल्या. निळी गाडी सर्व्हिसिंगला कधी तरी येईल म्हणून. किती निळ्या गाड्या असतील या शहरात? नवरा एकदा जाऊन त्यांना उठवून घेऊन आला. त्यानं हात टेकले होते. मला म्हणाला, तू तरी सांग तिला, ही आता आजारी पडेल.

मी काही सांगितलं नाही. आणि इथे माझी गोष्ट येते, ती टाळता येत नाही.

ती बाई मला माहीत होती. वर्षभरापासून ती आमच्या लाँड्रीत पडदे टाकते. पहिल्यांदा आली तेव्हा कडेवर बाळ होतं, आम्ही एकमेकींना ओळखलं आणि शोरूमचं आठवून हसलोही. तिचा पत्ता आमच्या वहीत आहे, माझ्याच अक्षरात, कारण जड पडदे आम्ही घरपोच करतो. ताईंच्या फ्रिजवरची ती आठवी ओळ मी वाचली त्याच क्षणी मला सगळं समोर दिसलं, घर नंबरासकट. आणि मी मूग गिळून बसले. अकरा दिवस.

का, ते मी स्वतःला पुष्कळ विचारलं. पहिलं कारण सरळ आहे, मला ताईंना बस थांब्यावर बसलेलं बघायचं होतं. बसू देत, असं वाटायचं. दुसरं मी स्वतःला बरं वाटावं म्हणून तयार केलं होतं. ती बाई सुखात आहे, कशाला तिच्या डोक्याला ताप? जे माझा नवरा ताईंना म्हणाला होता तेच मी आता मनातल्या मनात म्हणत होते, आणि त्याला मात्र तेव्हा मी भेकड म्हटलं होतं.

दहाव्या दिवशी ती स्वतःच काउंटरवर आली, पडदे न्यायला. बाळ आता धावायला लागलं होतं, त्यानं आमची चिमट्यांची टोपली उपडी केली. ती वाकून चिमटे गोळा करत होती आणि मला सॉरी म्हणत होती. मी पडद्यांची घडी घातली, पिशवीत भरले, पावती दिली, सुट्टे परत केले. बोलायला सात-आठ मिनिटं होती. जीभ उचलली नाही. ती गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिले, आणि मला लाज वाटली. ताई तर अनोळखी माणसांच्या दारात जाऊन मी चुकले म्हणत होत्या. मला ओळखीच्या बाईला काउंटरवरून दोन वाक्यं सांगवली नाहीत, आणि त्यात चूक तर माझी नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी मी दोन मजले उतरले आणि ताईंच्या खोलीत जाऊन पत्त्याचा कागद टेबलावर ठेवला. हेही सांगितलं की मला हा अकरा दिवसांपासून ठाऊक आहे. मला वाटलं, आता माझी पाळी. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, आणि एवढंच विचारलं की ती बाई दुपारी घरी असते का.

बसनं गेलो असतो तर दीड तास. मी खाली गेले आणि तीन महिन्यांनी गाडीची किल्ली फिरवली. ताई शेजारी बसल्या. वाटेत फक्त एकदा म्हणाल्या की मागे एका टायरमध्ये हवा कमी वाटते.

त्या बाईचं घर तिसऱ्या मजल्यावर. दार तिनंच उघडलं, हातात बाळाचा चमचा. मला बघून तिला वाटलं पडद्यांचं काही राहिलं. मग मागे ताई दिसल्या आणि ती ओळखीचं हसली, अहो तुम्ही, या ना. ताई आत गेल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच त्यांनी सांगितलं, पहिल्या सात घरांत सांगितलं असेल तसंच, आणि वहीचं पान उघडलं. ते इतक्यांदा घडी घालून उघडलेलं होतं की मधून फाटायला आलं होतं.

बाईनं चित्र नीट बघितलं. मग म्हणाली, की ती गाडी आता त्यांच्याकडे नाही. नवऱ्याला ऑफिसची गाडी मिळाली, म्हणून आठ महिन्यांपूर्वी विकून टाकली.

माझा जीव भांड्यात पडला. ताईंचाही पडला असावा, त्यांनी पानाची घडी घातली. मी त्या बाईला थँक्यू म्हणून वळणारच होते. पण ती बोलायची थांबली नव्हती. तिचा चेहरा बदलला होता, काहीतरी आठवत असल्यासारखा. गाडी घेणारे एक गणिताचे सर होते, बायको आणि दोन मुलं घेऊन बघायला आले होते. त्यांना त्याच किमतीत कुणाची तरी जुनी थोरली मिळत होती, ती घ्यावी की ही, असं त्यांचं चाललं होतं.

"मग मीच त्यांना सांगितलं," ती म्हणाली. "म्हटलं, कारखान्यात नाव चिकटवणाऱ्या बाईंनी आम्हाला स्वतः सांगितलंय, दोन्ही एकच आहेत. तुमचंच वाक्य सांगितलं मी. पत्रा तोच, इंजिन तेच, हात तेच. त्यांनी लगेच आमची घेतली."

ताई जिन्यात बसल्या. आधी मला वाटलं चक्कर आली. मी खाली वाकले तर त्या रडत होत्या, आवाज न करता, तोंडावर हात न घेता, नुसतं पाणी वाहत होतं. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. नवऱ्यानंही पाहिलेलं नाही, मी नंतर विचारलं. ती बाई घाबरून पाणी आणायला आत पळाली. तीन महिने मला वाटत होतं की एकदा यांचा ताठा उतरलेला बघावा. तो बघितला आणि मला अजिबात सहन झालं नाही. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"आता कुठवर जाऊ गं मी?" त्या म्हणाल्या. "मी न बघितलेल्या माणसांनी घेतलीय माझ्या शब्दावर."

मी त्यांच्या हातातलं पान घेतलं आणि त्यांच्या पिशवीतून पेन्सिल काढली. बाई पाणी घेऊन आली तेव्हा तिला सरांचा पत्ता विचारला. तिला फक्त शाळा माहीत होती आणि गल्ली, ती मी त्याच पानावर, दोन दारांच्या खाली, लिहून घेतली. ताई बघत होत्या.

"आणि त्यांनीही विकली असली तर?"

"तर पुढच्याकडे जाऊ," मी म्हणाले. "उठा. गाडी आहे आपल्याकडे."